काळवथरीचा अभ्यास : जमिनीखालील दगड आणि शेतकऱ्याचें हित

शेतजमिनीचा सात-बाराचा उतारा हातांत घेतला असतां त्यावर गट नंबर, क्षेत्र, आकार, पोटखराबा, कबजेदाराचें नांव, पीक आणि बोजा इतक्या गोष्टी सांपडतात. महसूल कचेरींत आमच्या आयुष्याचीं बहुतेक वर्षें असे उतारे लिहिण्यांत व तपासण्यांत गेलीं. परंतु जमीन ज्या दगडापासून झाली आणि ज्या दगडावर बसली आहे, त्याची नोंद या उताऱ्यावर कोठेंच नसते. वस्तुतः विहिरीस पाणी किती परसांवर लागेल, तें गोडें लागेल कीं मचूळ, कालव्याचें पाणी दिल्यावर जमीन तरेल कीं खारवेल, जमिनींत लोखंड असूनहि उसास केवडा कां पडतो, या प्रश्नांचीं उत्तरें बऱ्याच अंशीं त्या दगडांत आहेत. शेतकऱ्याचें सर्वांत मोठें कर्ज बहुधा विहीर, बोअर आणि पाईपलाईन यांपायीं होतें. आणि हा खर्च तो खालचा दगड न पाहतां, केवळ दुसऱ्याच्या सांगण्यावरून करतो. म्हणून आजच्या पाठांत आपल्या काळ्या दगडाची उत्पत्ति, त्याचे घटक, त्याचे थर आणि त्यांवरून घ्यावयाचा बोध हा विषय यथामति मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

१. दगडाची उत्पत्ति

आपल्याकडील काळ्या पाषाणास कोणी काळवथरी म्हणतात, शास्त्रांत त्यास बेसाल्ट हें नांव आहे. हा अग्निजन्य खडक होय. म्हणजे पृथ्वीच्या पोटांतील वितळलेला शिलारस वर येऊन व थंड होऊन तो बनला. महाराष्ट्राच्या क्षेत्रफळापैकीं शेंकडा ८० हून अधिक भाग या एकाच खडकानें व्यापिला आहे. गुजराथ, मध्यप्रदेश, कर्नाटक व तेलंगण यांतील भाग धरून आज तो सुमारें ५ लाख चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेला दिसतो. पूर्वीं त्याचा विस्तार याहूनहि मोठा होता. कांहीं भाग झिजून गेला व कांहीं पश्चिमेकडे समुद्राखालीं गेला.

आपल्या डोंगरांकडे पाहिलें तर एक कडा, मग थोडी सपाटी, पुन्हा कडा, अशी पायऱ्यांची रचना दिसते. स्वीडिश भाषेंत जिन्यास जो शब्द आहे त्यावरून अशा खडकास ‘ट्रॅप’ म्हणण्याचा प्रघात पडला, आणि आपल्या प्रदेशास ‘दख्खन ट्रॅप’ हें नांव मिळालें. मुंबई सरकारच्या नोकरींत असलेले कर्नल साइक्स यांनीं दख्खनच्या या खडकांचें वर्णन इ. स. १८३३ मध्यें प्रसिद्ध केलें. प्रत्येक पायरी म्हणजे शिलारसाचा एक अगर अनेक लोट होय. सह्याद्रींत हे थर एकावर एक असे दोन किलोमीटरांहून अधिक जाडीचे भरतात. पूर्वेकडे जावें तसतशी जाडी कमी होते. किल्लारी येथें ३० सप्टेंबर १९९३ रोजीं भूकंप झाल्यावर जें खोल छिद्र घेण्यांत आलें, त्यांत सुमारें ३३८ मीटर, म्हणजे अकराशें फुटांवर, काळा पाषाण संपला. कोयनेच्या परिसरांत गोठणें येथें घेतलेल्या छिद्रांत तो सुमारें १२४७ मीटरांपर्यंत, म्हणजे चार हजार फुटांहून अधिक खोल, लागला. त्याखालीं जुना ग्रॅनाइट जातीचा खडक आहे. तात्पर्य, कितीहि खोल बोअर घेतला तरी दगड बदलेल अशी आशा देशावरील बहुतेक शेतकऱ्यांनीं धरूं नये.

हे लोट शंकूसारख्या एखाद्या ज्वालामुखी पर्वतांतून उसळले नाहींत. जमिनीस लांबच लांब भेगा पडून त्यांतून पातळ शिलारस वाहत आला व सपाटीवर पसरला. ही घटना सुमारें ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वींची. त्या काळीं भारतभूमि आजच्या जागीं नव्हती. ती हिंदी महासागरांत पुष्कळ दक्षिणेस असून उत्तरेकडे सरकत होती. महासागराखालीं एका ठिकाणीं पृथ्वीच्या पोटांतून अतितप्त द्रव्य वर येत होतें, त्यावरून जातांना आपल्या भूमीवर हा शिलारस ओतला गेला, असें बहुतेक शास्त्रज्ञ मानितात. लक्षद्वीप, मालदीव व चागोस यांच्या बुडाशीं असलेली खडकांची रांग ही त्याच वाटेची खूण होय. त्या तप्त स्थानावर आज रीयुनियन नांवाचें बेट आहे आणि तेथील ज्वालामुखी अद्यापि जागृत आहे.

असा भेगेचा उद्रेक केवढा अनर्थ करतो हें समजण्यास आइसलंड बेटांतील एक उदाहरण पुरे आहे. तेथें लाकी या ठिकाणीं ८ जून १७८३ रोजीं सुमारें २७ किलोमीटर लांबीची भेग उघडली व आठ महिन्यांत १५ घन किलोमीटरांच्या आसपास शिलारस बाहेर आला. शिलारसाखालीं फार थोडीं माणसें सांपडलीं. खरा घात वायूनें केला. गंधकाच्या वायूनें पिकें करपलीं. फ्लुओरिन नांवाचें द्रव्य गवतावर बसलें. तें गवत खाऊन जनावरांचे दांत व हाडें बिघडलीं. त्या बेटांतील शेंकडा सुमारें ८० मेंढ्या आणि निम्मीं गुरें व घोडीं मेलीं, आणि मागून आलेल्या दुष्काळांत पांचापैकीं एक मनुष्य दगावला. दख्खनच्या मोठ्या लोटांपैकीं एकेकाचें घनफळ हजार घन किलोमीटरांहून अधिक असावें असा अंदाज आहे. यावरून आपल्या पायाखालीं किती मोठ्या उत्पाताचें शांत झालेलें रूप आहे, हें वाचकांनींच ताडून पाहावें.

२. दगडाची ओळख कशी पटते

सर्व काळवथरी दिसण्यांत सारखीच. मग हा लोट कोणता व तो कोणता हें कसें ओळखावें ? कचेरींतील जुना कारकून ज्याप्रमाणें अक्षराचें वळण पाहून कागद कोणत्या तलाठ्याचा हें सांगतो, तसेंच शास्त्रज्ञ दगडांतील द्रव्यांचें प्रमाण पाहून त्याचें कूळ सांगतात. विद्यापीठाची सर्वोच्च पदवी मिळविल्यानंतरहि तरुण संशोधक कित्येक वर्षें एकाच घाटांतील दगडांवर राबतात. वाटेच्या प्रत्येक वळणावर ताज्या दगडाचा तुकडा फोडून घ्यावयाचा, समुद्रसपाटीपासून त्याची उंची लिहावयाची, त्याची मिलिमीटराच्या शंभरांश तीन भाग इतकी पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखालीं स्फटिक पाहावयाचे, आणि उरलेल्या तुकड्याची भुकटी करून तींत कोणतें मूलद्रव्य किती आहे हें यंत्रानें मोजावयाचें, असा हा क्रम आहे.

या रीतीनें इ. स. १९८० नंतरच्या दशकांत कॉक्स, हॉक्सवर्थ, हूपर आणि मुंबईच्या आय. आय. टी. मधील के. व्ही. सुब्बाराव इत्यादि अभ्यासकांनीं सह्याद्रीच्या थरांची वर्गवारी लाविली. तळापासून माथ्यापर्यंत जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर अशीं आपल्याच गांवांचीं व घाटांचीं नांवें त्या थरांस मिळालीं असून जगभरचे शास्त्रज्ञ तींच वापरतात. आंबेनळीच्या थरांतील शिलारस बराचसा शुद्ध राहिला. बुशेच्या थरांतील शिलारस मात्र वर येतांना वाटेंतील जुन्या ग्रॅनाइटचा अंश घेऊन आला. हें कसें कळलें, तें सांगतों. जुन्या ग्रॅनाइटांत रुबिडियम नांवाचें द्रव्य असतें. त्याचें युगानुयुगें विघटन होऊन विशिष्ट जातीचें स्ट्रॉन्शियम तयार होतें. तें ज्या दगडांत अधिक सांपडेल, त्यांत ग्रॅनाइटची भेसळ अधिक, हें उघड आहे. दुधांत पाणी घातलें इतकेंच नव्हे, तर तें कोणत्या विहिरीचें घातलें हेंहि सांगावें, तसाच हा प्रकार होय.

या ओळखीमुळें एक नवल उघडकीस आलें. आंध्रांत राजमहेंद्रीजवळ गोदावरीच्या कांठीं काळवथरीचा एक लहानसा तुकडा आहे. मुख्य दख्खनपासून तो शेंकडों किलोमीटर तुटलेला आहे. परंतु त्याचें रासायनिक अक्षर सह्याद्रीच्या माथ्यावरील थरांशीं जुळलें. अर्थात् तितक्या लांबवर शिलारस वाहत गेला असावा, असें अनुमान निघालें.

काळनिर्णयाचाहि असाच प्रकार. इ. स. २०१९ मध्यें दोन निरनिराळ्या संशोधक मंडळींनीं आपलें गणित प्रसिद्ध केलें. एका मंडळीनें दगडांतील आर्गॉन वायूवरून व दुसरीनें झिर्कॉन नांवाच्या सूक्ष्म स्फटिकांवरून वय काढिलें. त्यांच्यांत तपशिलाचा वाद आहे. तथापि या राशीचा बहुतेक भाग दहा लाख वर्षांच्या आसपास इतक्या अवधींत सांचला, याविषयीं दोघांचें एकमत आहे. त्यांतील झिर्कॉनचे कण मिळाले ते मुख्यतः दोन लोटांमधील तांबड्या थरांत. विहीर खणतांना निघणारा जो गेरूसारखा तांबडा थर आपण निरुपयोगी म्हणून बांधावर टाकतों, त्यांत पृथ्वीच्या जमाखर्चाची तारीख सांपडली. या थराकडे आपणांस पुढें पुन्हा यावयाचें आहे.

३. दगडापासून माती

आतां शेताकडे वळूं. साधारण काळवथरीच्या १०० भागांत सिलिका सुमारें ४९ ते ५०, अ‍ॅल्युमिना १३ ते १४, लोखंडाचें भस्म १३ च्या आसपास, चुना १०, मॅग्नेशिया ५ ते ६, सोडा २ ते २॥, टायटॅनियमचें भस्म २ ते ३, पोटॅश अर्ध्या भागाच्या आंतबाहेर, व स्फुरदाचें भस्म पाव भागाच्या जवळपास असतें. हीं द्रव्यें मुख्यतः फेल्स्पार, पायरोक्झीन आणि लोहचुंबकास चिकटणारें मॅग्नेटाइट या स्फटिकांत बांधलेलीं असतात. पाऊस, ऊन व झाडांचीं मुळें यांच्या योगानें हा दगड कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणें सुटतो, त्याचा मुरूम होतो, आणि मुरमाची माती होते. या मातींत जी अतिसूक्ष्म चिकणमाती तयार होते तीस स्मेक्टाइट म्हणतात. तिचे कण पुस्तकाच्या पानांसारखे असून पानापानांत पाणी शिरलें कीं फुगतात व वाळलें कीं आक्रसतात. काळ्या जमिनीस उन्हाळ्यांत भेगा पडतात त्या यामुळें, आणि रब्बीची ज्वारी पाऊस थांबल्यावरहि ओलीवर उभी राहते तीहि यामुळेंच.

एकाच दगडाच्या देशावर काळी व कोंकणांत जांभा कसा झाला, असा प्रश्न कोणी विचारील. तो भेद पावसाचा आहे. महाबळेश्वरीं व कोंकणांत पाऊस इतका पडतो कीं चुना, सोडा, मॅग्नेशिया आणि सिलिकाहि पुष्कळशी धुऊन जाते, आणि मागें लोखंड व अ‍ॅल्युमिना यांचा तांबडा जांभा उरतो. देशावर पाऊस थोडा; म्हणून चुना जमिनींतच राहतो व खालच्या थरांत चुनखडीच्या गोट्यांच्या रूपानें बसतो. इ. स. १८४७ च्या मुंबई इलाख्याच्या ‘जॉइंट रिपोर्टा’ंत विंगेट प्रभृति अधिकाऱ्यांनीं जमिनीची प्रतबंदी ठरविली, ती पोत, रंग व खोली पाहून. पावणेदोन हात खोलीची उत्तम जमीन १६ आण्यांची आणि त्याखालीं उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत, असे नऊ वर्ग केले. चुनखडीचे कण, रेतीचें मिश्रण, उतार, पाणी तुंबणें इत्यादि दोष आढळल्यास प्रत्येक दोषास एक वर्ग खालीं उतरवीत. त्या काळीं यंत्रें नव्हतीं, तरी मातीखालच्या दगडाचा परिणाम त्यांनीं हात घालून ओळखिला होता, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

वरील आंकड्यांवरून शेतकऱ्यानें तीन गोष्टी ध्यानांत ठेवाव्या.

पहिली लोखंडाची. आपल्या दगडांत शंभरांत तेरा भाग लोखंडाचें भस्म असूनहि चुनखडीच्या जमिनींत भुईमूग, ऊस व लिंबूवर्गीय झाडें केवड्यानें पिवळीं पडतात. कारण चुन्यामुळें लोखंड विरघळत नाहीं, आणि न विरघळलेलें द्रव्य मुळांस घेतां येत नाहीं. तिजोरींत रक्कम शिल्लक आहे, परंतु बिल मंजूर होत नाहीं, अशी ही स्थिति आहे. अशा ठिकाणीं नुसतें लोखंडाचें खत जमिनींत टाकलें तर तेंहि लवकरच बांधलें जातें. म्हणून शेणखतांत मुरवून देणें अगर पानांवर फवारणें हा मार्ग कृषितज्ज्ञ सांगतात. जस्त व स्फुरद यांचीहि थोडीबहुत हीच गत आहे. येथेंच हेंहि सांगणें उचित कीं बेसाल्टाची भुकटी शेतांत टाकण्याचा जो उपाय अलीकडे बोलला जातो, तो आम्लधर्मी जमिनींसाठीं आहे. आपली काळी जमीन त्याच दगडाची आणि मूळचीच अल्कधर्मी असल्यामुळें तीवर असा खर्च करण्याचें प्रयोजन नाहीं.

दुसरी पोटॅशची, ज्यास पालाश म्हणतात. काळ्या जमिनीच्या परीक्षणांत पालाश बहुधा पुरेसा दिसतो, कारण चिकणमाती त्यास धरून ठेवते. परंतु मूळ दगडांतच त्याचा सांठा अल्प आहे. ग्रॅनाइटांत शंभरांत चार-पांच भाग पोटॅश असतो. आपल्या दगडांत अर्धा भाग. म्हणून वर्षानुवर्षें उसासारखें उपसा करणारें पीक घेऊन परत कांहीं न देणें म्हणजे भांडवल खाणें होय.

तिसरी सोड्याची, आणि हीच सर्वांत भयंकर. दगडांतील दोन-अडीच भाग सोडा मातींत मोकळा होतो. पाऊस थोडा व निचरा मंद असल्यामुळें तो खालच्या थरांत राहतो. कालव्याचें पाणी बेसुमार दिलें कीं भूजलाची पातळी वर चढते, आणि त्यासोबत हें मीठहि वर येतें; पाणी वाफ होऊन जातें, मीठ मागें उरतें. नीरा डाव्या कालव्याचें पाणी इ. स. १८८५ पासून बारामतीच्या बाजूस खेळूं लागलें आणि पुढील एका-दोन पिढ्यांतच तेथें पाणथळ व खारवट जमिनींचा प्रश्न उभा राहिला. आजहि कृष्णाकांठच्या व इतर बागाईत टापूंत उत्तम प्रतीच्या जमिनी याच वाटेनें पांढऱ्या पडल्या आहेत. खारवट जमिनीस प्रथम चर काढून निचरा दिला पाहिजे. चोपण जमिनीस निचऱ्यासह माती-परीक्षणाच्या प्रमाणांत जिप्समहि लागतो, कारण जिप्समांतील चुना सोड्यास मातीच्या कणांवरून हुसकून लावतो. परंतु निचरा नसेल तर हुसकलेला सोडा जाणार कोठें ? म्हणून चराशिवाय जिप्समावर पैसा घालणें व्यर्थ होय.

४. विहिरींतील थर

दगडाच्या अभ्यासाचा सर्वांत रोखठोक उपयोग विहिरीच्या कामीं होतो. शिलारसाचा एक लोट थंड होतांना त्यांतील वायु बुडबुड्यांच्या रूपानें वर चढतात; म्हणून लोटाचा माथा छिद्रांचा व भुसभुशीत, आणि पोट घट्ट असें सामान्यतः असतें. माथ्याचा हा सच्छिद्र खडक, ज्यास विहीर खणणारे मांजऱ्या म्हणतात, आणि खालचा काळा पाषाण, असा हा जोड एकावर एक पुन्हा पुन्हा येतो. दोन लोटांमध्यें कित्येक ठिकाणीं पूर्वोक्त तांबडा थर असतो. मांजऱ्याच्या छिद्रांत कालांतरानें पांढरे, हिरवट अगर गुलाबी स्फटिक भरतात. झिओलाइट जातीचे हे स्फटिक व गारगोट्या पाहून लहान मुलें हरखून जातात, आणि बाजारांत त्यांस किंमतहि येते. मात्र जमिनींतील खनिजें शासनाच्या नियमांखालीं येतात. विक्रीकरितां दगड अगर मुरूम काढावयाचा तर परवानगी व स्वामित्वधन लागतें, हें कचेरींतील अनुभवानें आम्ही बजावून ठेवितों.

पाणी कोठें असतें ? मातीच्या खालच्या मुरमांत, मांजऱ्याच्या झिजलेल्या व भेगाळ भागांत, आणि दोन लोटांच्या सांध्यांत. घट्ट काळ्या पाषाणांत भेग नसेल तर पाणी नाहीं. तांबडा थर चिकण असल्यामुळें तो स्वतः पाणी फारसें देत नाहीं. कित्येकदां त्याच्या वर पाणी अडून राहतें. मांजऱ्या लागला म्हणजे पाणी लागलेंच असेंहि नाहीं, कारण छिद्रें स्फटिकांनीं बुजलेलीं व एकमेकांस न जोडलेलीं असूं शकतात. शिवाय सांठ्याचें मान लक्षांत घ्यावें. नदीकांठच्या रेताड गाळाच्या शंभर घनफुटांतून १५ घनफुटांच्या आसपास पाणी उपसतां येतें, तर भेगाळ व झिजलेल्या काळवथरीच्या शंभर घनफुटांतून सुमारें दोनच घनफूट आणि घट्ट पाषाणांतून अर्ध्याहूनहि कमी. आपल्या दगडाचा हौद असा उथळ आहे. पावसानें तो लवकर भरतो आणि पंपानें तितक्याच लवकर रिता होतो. खोल जावें तसतशा भेगा सामान्यतः मिटत जातात. म्हणून तीनशें फुटांवर न मिळालेलें पाणी सहाशें फुटांवर मिळेलच, असें समजून कर्ज काढणें हा जुगार आहे.

कांहीं ठिकाणीं, विशेषतः धुळें व नंदुरबार जिल्ह्यांत, थरांना छेदून उभी गेलेली काळ्या दगडाची भिंत आढळते. शिलारस ज्या भेगांत थिजला तीच ही भिंत होय. भिंत अखंड असेल तर ती जमिनीखालील बांधाप्रमाणें पाणी अडविते, आणि चढाच्या बाजूची विहीर चांगली चालते. भिंत फुटकी असेल तर पाणी तिच्याच भेगांतून वाहतें. माळावर दगडांची सरळ रांग दिसली तर ती कोणत्या दिशेनें जाते हें विहिरीची जागा ठरविण्यापूर्वीं पाहावें.

आतां एक साधें गणित सांगतों. लोटांचे थर बहुधा आडवे, जवळजवळ सपाट असतात. समजा, शेजाऱ्याच्या विहिरींत मांजऱ्याचा पाणी देणारा थर ३० फुटांवर लागला, आणि आपल्या विहिरीची जागा त्याच्या काठापेक्षां २० फूट उंच आहे. तर तोच थर आपणांस ५० फुटांच्या सुमारास अपेक्षिला पाहिजे. तो ३० फुटांवर लागला नाहीं म्हणून काम सोडणें जसें चूक, तसेंच ५० फूट ओलांडून घट्ट काळा पाषाण लागल्यावरहि आंधळेपणानें फोडीत राहणें चूक. थर कोठें पातळ होतो, कोठें संपतो, म्हणून हें गणित हमीचें नाहीं. परंतु अंधारांत जाण्यापेक्षां कंदील बरा. दोन जागांच्या उंचीतील फरक गवंड्याच्या पाण्याच्या नळीनें टप्प्याटप्प्यानें सहज काढतां येतो.

५. थरांचें टिपण

या गणितास शेजाऱ्याच्या विहिरीची खरी माहिती हवी, आणि तीच कोठें मिळत नाहीं. विहीर खणली जाते, दगड बांधावर पडतो, आणि दहा वर्षांनीं कोणता थर किती फुटांवर होता हें मालकासहि स्मरत नाहीं. बोअरचें तर एका रात्रींत काम होतें, आणि सकाळीं गाडी गेली कीं माहितीहि गेली. म्हणून आमची सूचना अशी कीं, आपल्या संघाच्या प्रत्येक सभासदानें नवी विहीर अगर बोअर घेतांना पुढील टिपण लिहून तें सात-बाराच्या उताऱ्यासोबत जपून ठेवावें.

(१) तारीख, गट नंबर व जागेची खूण; गांवांतील एखाद्या पक्क्या खुणेपासून, जसें देवळाची पायरी, जागा किती उंच अगर सखल आहे.

(२) वरून खालीं प्रत्येक थर किती फुटांपासून किती फुटांपर्यंत : माती, मुरूम, मांजऱ्या, तांबडा थर, काळा पाषाण. बोअरमध्यें दर दहा फुटांस निघणारा चुरा कागदाच्या पुडींत बांधून त्यावर खोली लिहावी. चुऱ्याचा रंग बदलला कीं थर बदलला असें समजावें.

(३) पाणी प्रथम कोठें पाझरलें, पुढें कोठें वाढलें, आणि त्याची चव कशी. शक्य तर पाणी प्रयोगशाळेंत तपासून क्षाराचें प्रमाण लिहावें.

(४) विहिरींतील पाण्याची पातळी वर्षांतून दोन वेळां, दिवाळीच्या सुमारास व वैशाखांत.

एकट्याचें टिपण एकट्यापुरतें उपयोगी. परंतु एका गांवचीं वीस टिपणें एका वहींत उतरलीं तर गांवाखालील दगडाचा नकाशाच तयार होईल. कोणत्या थराचें पाणी सर्वजण उपसीत आहेत, पाझर तलाव अगर बांध कोणत्या उंचीवर घातला असतां तें पाणी त्या थरांत मुरेल, कोठें पाणी खारें होत चाललें आहे, हें सर्व त्यांत दिसेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या अधिकाऱ्यांकडे जातांना अशी वही हातांत असेल तर त्यांचा सल्लाहि नेमका मिळेल. वीस जणांनीं आपापसांत माहिती लपवून वीस कोरडे बोअर घेण्यापेक्षां हें काम कितीतरी स्वस्त आहे. त्यास खर्च एका वहीचा.

शेवटीं त्या तांबड्या थराविषयीं दोन शब्द. एक लोट पसरून थंड झाल्यावर दुसरा येईपर्यंत जो काळ जाई, त्यांत उन्हापावसानें पहिल्याचा माथा झिजे, कोठें ज्वालामुखीची राख त्यावर पडे, आणि माती तयार होई. त्या काळीं नांगर धरणारा मनुष्य पृथ्वीवर नव्हता. पुढचा लोट आला, आणि ती माती भाजून गाडली गेली. म्हणजे आपल्या विहिरीच्या भिंतींत दिसणारा तांबडा पट्टा ही एके काळची जमीनच होय. आज आपल्याकडे जी काळी आहे तीहि अशाच झिजेनें झालेली आहे, आणि एक इंच माती होण्यास शेंकडों वर्षें लागतात. उताराच्या रानांतून एका वळवाच्या पावसांत ती ओढ्यास मिळते. शिलारसाचा लोट अडविणें कोणाच्याहि हातीं नव्हतें. बांध घालणें, उतारास आडवी पेरणी करणें, चर काढून निचरा देणें आणि पाणी मोजून देणें हें मात्र आपल्या हातीं आहे. सात-बारावर क्षेत्र तेवढेंच राहतें. त्यावरील माती तेवढीच राहिली आहे कीं नाहीं, याची तपासणी प्रत्येक खातेदारानें या पावसाळ्यापूर्वीं आपल्या बांधावर उभें राहून करावी, इतकीच आमची विनंति आहे.